परका हात

यंत्र घरात आलं त्या पहिल्याच दुपारी ते दस्तगीर शिकलगारांच्या मनातून उतरलं. त्याचं काही चुकलं म्हणून नव्हे. तबस्सुमच्या पाठीला मलम लावण्याआधी त्यानं तिला विचारलं, "डाव्या खांद्यापासून सुरुवात करू का?" तबस्सुम हो म्हणाली, आणि दस्तगीरांच्या लक्षात आलं की लग्नाला इतकी वर्षं झाली, आपण असं कधी विचारलेलं नाही.

मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत त्यांचं घर होतं. खाली कारखाना, वर राहणं. वरच्या खोलीत खिडकीशी तबस्सुमची खाट होती आणि खाटेच्या कडेच्या रुळावरून सरकणारा तो एकच लांब हात. त्याला कोपर होतं, मनगट होतं, पाच बोटं होती. तळवा राखाडी, मऊ, अंगाइतकाच कोमट. रुग्णालयानं त्याला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं, पण घरात त्याला सगळे नुसतं 'तो' म्हणत.

दस्तगीरांची थोरली बहीण खैरूआपा वहिनीला बघायला आली, तेव्हा तिनं पदर तोंडाला लावून बराच वेळ त्या हाताचं काम पाहिलं आणि मग भावाला म्हणाली, "दस्तू, तुझ्या बायकोनं दुसरा दादला केला बघ. चहा मागत नाही, घोरत नाही, शिवाय विचारल्याशिवाय अंगाला हात लावत नाही. आमच्या नशिबात असला कुठनं यायचा?"

तबस्सुमला हसू आलं. हसल्यावर तोंडातल्या जखमा ताणल्या गेल्या, म्हणून तिनं गाल धरले, तरी ती हसतच राहिली. दस्तगीर जिना उतरून कारखान्यात गेले.

दुखण्याची सुरुवात तोंडापासून झाली होती. हिरड्यांना, गालाच्या आतून चट्टे पडले. तिखट बंद केलं, दंतवैद्य झाले, जीवनसत्त्वाच्या गोळ्या झाल्या. मग पाठीवर पाण्यानं भरलेले, लिबलिबीत फोड आले. ते फुटायचे आणि खालची लाल ओली जागा भरून यायची नाही. शेवटी त्वचारोगाच्या डॉक्टर वैजयंती मगदूम यांच्याकडे गेल्यावर त्यांनी फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर अंगठा टेकवला आणि हलकेच बाजूला सरकवला. भिजवलेल्या बदामाची साल सुटावी तशी वरची कातडी सुटून आली. डॉक्टरांनी लगेच हात मागे घेतला आणि रोगाचं नाव सांगितलं, पेम्फिगस.

दस्तगीर शेजारीच उभे होते. अंगठ्याची ती हालचाल त्यांच्या रोजच्या ओळखीची होती. तंबोऱ्याच्या भोपळ्याच्या तोंडावर तबली, म्हणजे लाकडी झाकण, बसवून सरस वाळला की तेही असाच जोडावर अंगठा टेकवायचे आणि जोर लावून बाजूला ओढायचे. जोड हलला नाही तर पक्का. या कामात त्यांचा डोळ्यांवर विश्वास नव्हता, अंगठ्यावर होता.

तबस्सुम कन्याशाळेत विज्ञान शिकवायची. ती रजेवर गेल्यावर सातवीच्या मुली एका दुपारी तिला भेटायला आल्या. खोलीत येण्याची परवानगी नव्हती, म्हणून त्या बाहेर गच्चीत खिडकीपाशी उभ्या राहिल्या आणि बाईंना काय झालंय ते विचारू लागल्या. तबस्सुमनं त्यांना फुगडी घालायला सांगितलं.

दोघींनी हात गुंफले, पाय जुळवले आणि गिरकी घेतली. खिडकीतून तबस्सुम त्यांना सांगत होती. आपली कातडी अखंड कापडासारखी दिसते, पण ती असते पेशींची रास, थरावर थर. त्या पेशी एकमेकींना डिंकानं चिकटवलेल्या नसतात. प्रत्येक पेशीच्या कडेवर जागोजागी बटणांसारख्या गाठी असतात. त्यांना डेस्मोसोम म्हणतात. त्या गाठीतून डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनाचे हात बाहेर येतात आणि शेजारणीच्या तसल्याच हातांत गुंततात. आणि तुमचा हात कसा खांद्याला घट्ट जोडलेला असतो, तशी ती गाठ आतून केराटिनच्या दोरांनी पेशीला बांधलेली असते. म्हणून कातडी ओढली तरी फाटत नाही.

मग तिनं तिसरीला बोलावलं. तू या गावाची राखणदार. बाहेरचे चोर पकडणं तुझं काम. पण कुणीतरी तुला चुकून सांगितलंय की या दोघींची बोटं म्हणजेच चोर. जा, सोडव ती बोटं. तिसरी मुलगी पुढे झाली, तिनं बोटांत बोटं घालून गुदगुल्या केल्या, आणि फुगडी सुटून दोघी दोन दिशांना बसकण मारून पडल्या. सगळ्या हसू लागल्या.

तबस्सुम म्हणाली की मधे जी मोकळी जागा झाली तिथं पाणी भरतं, तोच फोड. रक्तात जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं असतात, ती राखणदार. माझे काही राखणदार माझ्याच पेशींच्या हातांवर उठले आहेत.

"मग बाई, राखणदारांना मारून टाकायचं?" एकीनं विचारलं.

पूर्वी साधारण तसंच करत, तबस्सुमनं सांगितलं. सगळ्यांनाच गुंगवणारी औषधं देत, आणि मग खऱ्या जंतूंना धरायला कोणी उरत नसे. आता तिच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी काढून त्यांच्या अंगावर डेस्मोग्लीनचा एक तुकडा बसवला होता, गळाला आमिष लावतात तसा. चुकीची प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी त्या आमिषाला लागतात आणि मरतात. बाकीचे राखणदार आपापल्या जागी राहतात. त्या पेशी आता अंगात सोडल्या होत्या. त्यांचं काम होईपर्यंत कातडी सांभाळायची, एवढंच होतं.

"आणि तो?" मुलगी रुळावरच्या हाताकडे बोट दाखवून म्हणाली.

तबस्सुमचा आवाज जरा बदलला. वर्गातल्या हुशार मुलाबद्दल बोलावं तसा. त्याच्या तळव्यातून बारीक प्रकाश कातडीत जातो, ती म्हणाली, आणि कुठे हात गुंफलेले आहेत, कुठे सुटत आलेत ते त्याला दिसतं. या कातडीला सरळ दाब चालतो, आडवी ओढ चालत नाही. तो कधीच ओढत नाही. तो खूप समजूतदार आहे.

जिन्यात पेजेची वाटी घेऊन उभ्या असलेल्या दस्तगीरांनी हे सगळं ऐकलं. समजूतदार हा शब्द तबस्सुमनं त्यांच्यासाठी कधी वापरल्याचं त्यांना आठवेना.

मत्सर माणसाला मोठा कामसू बनवतो. दस्तगीर दर थोड्या वेळानं काहीतरी निमित्त काढून वर येऊ लागले. कधी पेज गार झाली का बघायला, कधी खिडकीला पडदा लावायला. आले की त्या हाताच्या बोटांकडे बघत राहायचे. तो मानेवरून मलम लावत खाली यायचा, फोडाच्या कडेला थबकायचा, वळसा घालून पुढे जायचा. तबस्सुमचे डोळे मिटलेले असायचे. मधेच ती पुटपुटायची, इथं आग होतेय, आणि तो तिथं गार पाण्याची पट्टी ठेवायचा. दस्तगीरांनी विचारलं, कुठं दुखतंय, तर ती म्हणायची, काही नाही.

एकदा त्यांनी सरळच विचारलं की त्याला सांगतेस ते मला का सांगत नाहीस.

"तुम्हाला सांगितलं की तुमचा चेहरा पडतो," तबस्सुम म्हणाली. "मग मला तुमची समजूत काढावी लागते. त्याची काढावी लागत नाही."

त्या दिवशी दस्तगीर खाली गेले आणि त्यांनी मीटरजवळ जाऊन वरच्या मजल्याचा फ्यूज काढून खिशात टाकला. पंखा थांबला. पाच मिनिटांनी ते घामेजल्या तोंडानं वर आले, आणि बघतात तर हात आपल्या बॅटरीवर चालत तबस्सुमला पुठ्ठ्यानं वारा घालत होता. ती म्हणाली, वीज गेलीय वाटतं, जरा खाली बघा ना. दस्तगीर पुन्हा खाली गेले आणि फ्यूज बसवून आले.

कारखान्यातही त्यांचं लक्ष लागेना. जवारी काढताना, म्हणजे तारेचा नाद खुलवताना, तारांखालच्या घोडीवर तार आणि हस्तिदंती पट्टी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून नाद जिथं उघडतो ती जागा शोधायची असते. केसभर इकडे तिकडे झालं की तंबोरा मुका होतो. मिरजेत यात त्यांचा हात धरणारे थोडे होते. पण आता धागा सरकवताना त्यांच्या मनात एकच येई, या बोटांना तारेचं कळतं आणि बायकोच्या पाठीचं कळत नाही, असं कोणी ठरवलं?

मग रक्ताचा अहवाल आला. डॉक्टर मगदूम फोनवर दोघांशी बोलल्या. चुकीची प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. गळ लागला होता. पण डॉक्टरांनी पुढे बजावलं की कारखाने बंद पडले तरी आधी बनलेला माल अजून रक्तात फिरतोय. तो आपोआप विरायला काही आठवडे जातील, आणि तोवर पेशींचे हात अजून सुटलेलेच समजायचे.

दस्तगीरांनी पहिलं वाक्य ऐकलं. पुढचं कानावर पडलं, पण आत गेलं नाही. तबस्सुम बरी झाली होती, आणि तरी तो हात तिथंच होता. म्हणजे आता तो गरजेपोटी नव्हता. त्यांना वाटलं, तिलाच तो जायला नको आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी हात आपल्या बोटांची टोकं गरम पाण्याच्या भांड्यात स्वच्छ करत होता. तबस्सुम कुशीवर झोपली होती. तिच्या खांद्याच्या मागची एक जागा कोरडी, बदामी, चांगली दिसत होती. दस्तगीर खाटेशी बसले. त्यांना फक्त एकदा खात्री करून घ्यायची होती. जोड पक्का झालाय हे त्यांच्या अंगठ्याला कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून यंत्र घेऊन जायला सांगितलं असतं. त्यांनी अंगठा टेकवला, सरस वाळलेल्या जोडावर टेकवतात तसा, आणि बाजूला ओढला.

कातडी त्यांच्या अंगठ्याबरोबर आली.

तबस्सुम ओरडली नाही. तिनं मान वळवून आधी खांद्याकडे आणि मग नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं. दस्तगीर हात हवेत धरून बसून राहिले. रुळावरून तो हात सरकत आला, त्यांच्या मनगटाला न स्पर्शता मधून गेला आणि विचारू लागला, "तबस्सुम, मी आधी ही जागा झाकू का?"

जखम पिकली. ताप चढला. डॉक्टर मगदूम स्वतः आल्या आणि गच्चीत उभं करून त्यांनी दस्तगीरांना जे सुनावलं ते शेजारच्या कारखान्यातही ऐकू गेलं. तपासायला अंगठा मी वापरला होता एकदाच, त्या म्हणाल्या, आणि त्यासाठी मी अर्धं आयुष्य शिकलेय. उद्यापासून तुम्ही या खोलीत यायचं नाही. दस्तगीरांनी मान हलवली. त्यांना ही शिक्षा कमीच वाटत होती. ते चपला घालून खाली निघाले, तोच खोलीतून तबस्सुमनं डॉक्टरांना हाक मारली.

"मॅडम, त्यांना बाहेर काढू नका. शिकवा त्यांना."

डॉक्टर म्हणाल्या, काम होतंय तुमचं, मग कशाला? हे यंत्र चुकत नाही.

"त्याच्या हाताखाली मी अंग आखडून पडते," तबस्सुम म्हणाली. "कुणाला सांगितलं नाही. चांगला आहे तो, पण ते माझं माणूस नाही. आता यांचाही मला राग आहे," तिनं दाराकडे बघितलं, "पण राग करायला तरी माणूस लागतं."

डॉक्टरांकडे एक हातमोजा होता. यंत्र बनवणारे यंत्राला शिकवताना तो वापरत. कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ, आणि यंत्राच्या तळव्याशी जोडलेला. यंत्राला जे दिसायचं ते मोज्याला कळायचं. घालणाऱ्याचा हात आडवी ओढ देऊ लागला की मोजा त्या बोटाला बर्फासारखा गार पडायचा. आणखी ओढलं तर बोट आखडून धरायचा.

डॉक्टरांनी अट घातली, आधी तबस्सुमच्या अंगावर नाही. मग दस्तगीर स्वयंपाकघरात बसले. पातेल्यात दूध तापवून निवत ठेवायचं, वर साय धरू द्यायची, आणि सायीवर तळवा टेकवून उचलायचा, साय मोडता कामा नये. पहिल्या कितीतरी पातेल्यांतली साय मोडली. खैरूआपा आली आणि म्हणाली, दस्तू, म्हशीनं तुझं काय घोडं मारलंय? पण ती रोज मोडलेल्या सायीचं दही लावून नेऊ लागली. मोजा गार पडत राहिला. सगळ्यात वाईट म्हणजे, त्यांना शिकवणारा तोच होता, रुळावरचा, राखाडी, समजूतदार. रोज सकाळी त्याच्याशी मोजा जोडताना दस्तगीर त्याच्याकडे बघायचं टाळत.

मग एके दिवशी साय हलली नाही. नंतर कधीच हलली नाही. तेव्हा डॉक्टरांनी त्यांना खाटेशी बसू दिलं.

पहिल्यांदा हात टेकवताना त्यांच्या तोंडून नकळत निघालं, "डाव्या खांद्यापासून करू?"

तबस्सुमनं डोळे मिटले आणि म्हणाली, करा. थोड्या वेळानं दस्तगीरांना जाणवलं की तिच्या पाठीचे स्नायू सैल पडलेत. मोजा गार पडला नव्हता. रुळावरचा हात बाजूला दुमडून उभा होता. त्या दिवसापासून तो तसाच जास्त वेळ उभा राहू लागला, आणि एका सकाळी दस्तगीर त्याच्या कोपरावरची धूळ फडक्यानं पुसताना तबस्सुमला दिसले.

महिने गेले. प्रतिपिंडं विरली. पेशींनी नवे हात बाहेर काढले, एकमेकींत गुंतवले. तोंड भरून आलं, तबस्सुमनं झणझणीत कांदा-मिरचीची चटणी खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी काढलं. पाठीवर फक्त तपकिरी डाग उरले. ती पुन्हा शाळेत जाऊ लागली.

यंत्र परत न्यायला डॉक्टर मगदूम आल्या त्या दिवशी चहा झाल्यावर त्या निघेनात. दस्तगीरांच्या मोज्यानं जे जे टिपलं होतं ते सगळं यंत्रात उतरलं होतं. त्यांनी ते तपासून पाहिलं होतं, आणि दस्तगीरांच्या हाताखाली तबस्सुमची पाठ जशी सैल पडायची तशी यंत्राच्या मूळच्या हाताखाली कुठल्याच रुग्णाची पडली नव्हती. विट्याला एक नवी रुग्ण होती. आजार तोच, पण स्पर्शाची इतकी धास्ती बसलेली की यंत्र जवळ आलं की ती अंग ताठ करायची आणि त्या ताणानंच फोड फुटायचे. तिच्या यंत्राला दस्तगीरांचा हात द्यायचा होता. ज्यानं शिकवलं आणि जिच्या अंगावर शिकवलं, त्या दोघांची संमती लागत होती.

दस्तगीरांनी लगेच हो म्हटलं. त्यांची छाती फुगली होती. आपला हात विट्यापर्यंत जाणार. ज्याच्यापुढे वर्षभर आपण हलके ठरलो, तो आता आपल्या हातानं चालणार.

तबस्सुमनं चहाचे कप बाजूला सारले. मग तिनं विचारलं, "वय काय तिचं?"

डॉक्टर म्हणाल्या, तिशीची असेल.

"लग्न?"

"नाही झालेलं. एकटी राहते."

तबस्सुमनं नवऱ्याकडे पाहिलं. दुर्दैवानं दस्तगीर अजून हसत होते.

ती म्हणाली, नाही द्यायचं. डॉक्टरांनी समजावलं की तिथं दस्तगीर नसतील, असतील ते नुसते दाबाचे आणि वेगाचे आकडे. नुसते आकडे आहेत, तर मला कशाला विचारता, तबस्सुमनं विचारलं. दस्तगीरांना आधी हसू आलं. मग बायकोचा चेहरा बघून ते गेलं. तो चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. पेजेची वाटी घेऊन जिन्यात उभं राहणाऱ्याचा असतो, तसा होता तो. त्यांनी तिला आग्रह केला नाही. म्हणाले, तुझी पाठ आहे, तू म्हणशील तसं.

 डॉक्टर निघायला म्हणून उठल्या आणि जाता जाता त्यांनी यंत्राच्या पडद्यावर उमटलेली, दस्तगीरांच्या हाताच्या हालचालीची एक रेघ दाखवली. इतकं सुरेख काम, त्या म्हणाल्या, पण यात एक दोष आहे तो आम्हाला कळला नाही. मानेच्या मागं, केस सुरू होतात तिथं हात रोज थांबतो. तिथं फोड नव्हता, मलम नव्हतं. चार-पाच श्वासांइतका नुसता टेकून राहतो. मोज्यात काही बिघाड होता का?

दस्तगीर रेघेकडे बघत राहिले. आपण तिथं थांबतो हे त्यांना माहीतच नव्हतं.

तबस्सुमला माहीत होतं. ती उठून खिडकीशी गेली, रुळावर दुमडून बसलेल्या हाताकडे तिनं पाहिलं. अंग ताठ करून पडणं म्हणजे काय, हे या घरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"सगळं द्या तिला," ती म्हणाली. "खांदे, पाठ, कंबर, जसं आहे तसं. मानेपाशी थांबतात तेवढं काढून टाका."

डॉक्टरांनी तो तुकडा पुसला. पुसलेल्या जागी कारण नोंदवायचं असतं, म्हणून बोटं तशीच अधांतरी ठेवून त्यांनी विचारलं, "काय लिहू?"

"घरचं आहे, असं लिहा," तबस्सुम म्हणाली.